घरच्या स्विमिंग पूलचं पाणी नेमकं जातं कुठे?

गेल्या एप्रिलमध्ये ताईच्या बंगल्यावर दोन दिवस राहायला गेलो होतो. पुण्याजवळ, पौडच्या पुढे डोंगराच्या कुशीत जागा आहे. पोचलो तेव्हा फाटकाशी दहा हजार लिटरचा टँकर उभा होता. केअरटेकर काका म्हणाले, महिन्यातला तिसरा. पूल मात्र काठोकाठ भरलेला, निळाशार. वर्षभरात तो एकदाही रिकामा केलेला नव्हता.

"मग एवढं पाणी जातं कुठे?" मी विचारलं.

"उन्हाने उडतं रे," दाजी म्हणाले. "एप्रिल आहे."

पूल बाळगणाऱ्या दहापैकी नऊ जण हेच उत्तर देतात. ऊन हा सोयीचा आरोपी आहे, त्याला कोणी उलटतपासणी करत नाही. आम्ही ती केली. त्यातून जे कळलं ते नीट मांडून ठेवावं म्हणून हा लेख.

आधी एक आकडा डोक्यात बसवून घ्या. ताईचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आहे. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. म्हणून या पूलची पातळी एक मिलिमीटर उतरली की ३२ लिटर गेले. तुमच्या पूलची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजून गुणाकार करा, जो आकडा येईल तेवढे लिटर तुमचा एक मिलिमीटर. पुढचं सगळं गणित या एका आकड्यावर चालतं.

एकूण पाणी किती? खोली १.२ ते १.५ मीटर आहे, सरासरी १.३५ धरली तर ४३,२०० लिटर. हे किती, ते डोळ्यांपुढे यावं म्हणून एक आठवण देतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, 'जलदूत'. तिच्या पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या आणि एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी होतं. म्हणजे घरचा एक मध्यम पूल आणि लातूरकरांनी वाट पाहिलेली एक वाघीण, जवळजवळ सारखंच. पूल असू नये असं माझं म्हणणं नाही. पण हे पाणी एकदा भरल्यावर वर्षानुवर्षं टिकतं, टिकवता येतं. खरा खर्च होतो तो वरून घालत राहायच्या पाण्याचा, आणि तोच कोणी मोजत नाही.

न मोजण्याचं एक साधं कारण ताईकडे होतं. टँकर जमिनीखालच्या टाकीत रिकामा होतो आणि तिथून पूलमध्ये पाणी आपोआप येतं. काठाच्या खोबणीत एक फ्लोट बसवलेला आहे, संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतो तसा. पातळी जरा उतरली की तो उघडतो, भरली की बंद होतो. त्यामुळे पूल कायम भरलेला दिसतो. ही सोय आहे खरी, पण घराच्या खर्चाचे पैसे परस्पर बँकेतून जात राहावेत आणि पासबुक कोणी उघडूच नये, तसला हा प्रकार.

म्हणून पहिलं काम केलं ते फ्लोटचा नळ बंद करायचं. दुसरं, बादली आणायचं.

बादलीची चाचणी जगभर पूलवाले करतात आणि तिला खर्च शून्य. पूलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर बादली ठेवायची, तरंगू नये म्हणून तळाशी दगड. बादलीत पूलचंच पाणी भरायचं, आतली पातळी बाहेरच्या पातळीशी जुळेल इतकं. आत एक खूण, बाहेर एक खूण. इन्सुलेशन टेपचा तुकडा चालतो. चोवीस तास कोणी पोहायचं नाही. ऊन, वारा, हवेचा कोरडेपणा दोन्ही पाण्यांना सारखाच लागतो आणि बादली पाण्यात बसल्यामुळे तिच्यातल्या पाण्याचं तापमानही जवळपास सारखं राहतं. म्हणजे बादलीतलं जेवढं उतरेल तेवढं उन्हा-वाऱ्याचं. पूल त्याहून जास्त उतरला तर ती गळती. तेवढे चोवीस तास पाऊस मात्र पडता कामा नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी स्वतः पट्टी घेऊन पायरीवर बसले. बादली उतरली ७ मिलिमीटर. पूल उतरला १९.

दाजी काही बोलले नाहीत. मीच मोठ्याने हिशेब केला: उन्हाने ७ गुणिले ३२, म्हणजे २२४ लिटर. उरलेले १२ गुणिले ३२, म्हणजे ३८४ लिटर, रोज, कुठेतरी जमिनीत. महिन्याला साडेअकरा हजार. एक अख्खा टँकर आणि वर थोडं.

आता गळती शोधायची कशी? लोक लगेच टाइल्स उखडायच्या गोष्टी करू लागतात. आपल्याकडे काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे पूलच्या भिंतीला तडे जातातही. पण आधी एक फुकटची चाचणी उरते: दुसरे चोवीस तास पंप पूर्ण बंद ठेवून बादली पुन्हा लावायची. पंप चालू असताना जास्त जात असेल, तर दोष बहुधा पंपाच्या पुढच्या, दाबाखालच्या भागात असतो. दोन्ही वेळी सारखंच जात असेल, तर पूलच्या कवचात, दिव्याच्या खोबणीत किंवा तळाच्या जाळीपाशी शोधायचं. आणि पाणी उतरत उतरत एका ठिकाणी येऊन थांबलं, तर गळती त्याच उंचीवर आहे.

आमच्याकडे पंप बंद ठेवल्यावर बादली ७ उतरली आणि पूल ९. म्हणजे बारापैकी दहा मिलिमीटर पंप चालतानाच जात होते.

इथे काकांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना गळतीशी संबंधित वाटलीच नव्हती. पंपरूमच्या मागे, मेंदीच्या कुंपणाच्या पलीकडे, एप्रिलच्या रखरखाटात अळू माजला होता. ताटाएवढी पानं. आम्ही गेलो तर अळवाच्या मुळाशी फिल्टरच्या सांडपाण्याचा पाइप उघडत होता आणि त्यातून पेन्सिलीएवढी बारीक धार चालू होती. बॅकवॉश, म्हणजे फिल्टर धुणं, चालू नसताना त्या पाइपातून थेंबही यायला नको.

कारण समजून घ्यायला फिल्टर कसा चालतो ते पाहू. मोठ्या माठासारखी फायबरची टाकी, आत वाळू. पंप पूलचं पाणी ओढतो, वाळूतून वरून खाली ढकलतो, घाण वाळूत अडकते, स्वच्छ पाणी पूलमध्ये परततं. टाकीवर एक हँडल असतं, मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह. ते फिरवून पाण्याची वाट बदलता येते. 'बॅकवॉश'वर ठेवलं की पाणी उलटं, खालून वर जातं, वाळू उसळते आणि अडकलेली घाण सांडपाण्याच्या पाइपाने बाहेर पडते. या व्हॉल्व्हच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखी एक रबरी गॅस्केट असते, ती वाटा एकमेकींपासून वेगळ्या ठेवते. पंप चालू असतानाच कोणी हँडल फिरवलं की दाबाने ती गॅस्केट जागेवरून सरकते किंवा फाटते. मग 'फिल्टर'वर ठेवलेलं असतानाही थोडं पाणी गुपचूप सांडपाण्याच्या वाटेला लागतं. काका पंप चालू ठेवूनच हँडल फिरवत होते, कारण आधीच्या पूलवाल्याने त्यांना तसंच दाखवलं होतं. पंप बंद, मग हँडल, मग पंप चालू. एवढा क्रम पाळला की ती गॅस्केट वर्षानुवर्षं टिकते.

उरलेले दोन मिलिमीटर पाण्याखालच्या दिव्यापाशी सापडले. पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर, सिरिंजने खाण्याचा रंग दिव्याच्या कडेला हळूच सोडायचा. रंग तिथेच रेंगाळला तर ठीक. आम्ही सोडलेली लाल रेघ सरळ भेगेत ओढली गेली. बघताना जरा अंगावर येतं.

पण अजून टँकरचा हिशेब पुरा होत नव्हता. ऊन महिन्याला ६,७२० लिटर, गळती ११,५२०. दोन्ही मिळून १८ हजार. टँकर तर तीन.

उरलेलं पाणी काकांच्या टापटिपीत गेलं होतं. ते आठवड्यातून दोनदा, न चुकता, दहा-बारा मिनिटं बॅकवॉश करत. पाइपातून स्वच्छ पाणी येऊ लागलं तरी थांबत नसत, "नीट धुऊन निघू दे" म्हणून. त्यांचा पंप तासाला सुमारे दहा हजार लिटर फेकतो, म्हणजे मिनिटाला १६५ लिटर. बारा मिनिटांत दोन हजार लिटर. महिन्यात आठ वेळा म्हणजे सोळा हजार. पूलला आंघोळ घालायला उन्हाच्या दुपटीहून जास्त पाणी जात होतं.

बॅकवॉश वाराप्रमाणे करायचा नसतो, काट्याप्रमाणे करायचा असतो. फिल्टरवर दाबाचा एक गोल काटा असतो. बॅकवॉशनंतर लगेच तो कुठे आहे ते पाहून तिथे रंगाने खूण करा. घाण साचत जाते तसा दाब चढतो. तो खुणेपेक्षा ८ ते १० पीएसआय (काट्यावरचं दाबाचं माप) वर गेला, की वेळ झाली. गंमत म्हणजे वाळू थोडी मळलेली असताना जास्त बारीक घाण पकडते, त्यामुळे रोज धुतलेला फिल्टर उलट कमी काम करतो. आणि वेळ? सांडपाण्याच्या वाटेवरच्या काचेच्या नळीतलं पाणी निवळ दिसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटं. मग अर्धा मिनिट 'रिन्स', म्हणजे वाळू पुन्हा खाली बसते. सगळं मिळून साडेपाचशे-सहाशे लिटर. नवा पूल बांधणार असाल तर कार्ट्रिज फिल्टरचाही विचार करा. त्यात बॅकवॉशच नसतो, आतली घडीची गुंडाळी काढून पाइपाने धुतात. मात्र ती कोणीतरी खरोखर काढून धुवावी लागते, हे ध्यानात ठेवा.

आता उन्हाकडे वळू. त्याच्यावर खोटा आळ आला होता, पण तो अगदी निर्दोषही नाही. पाणी उडण्याला ऊन जितकं कारण, तितकाच कोरडा वारा. पाण्याच्या अगदी वर ओलसर हवेचा एक पातळ थर बसतो आणि तो पुढचं बाष्पीभवन अडवतो. वारा तो थर सतत खरवडून नेतो. म्हणून घाटावर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी जितकं उडतं, तितकं अलिबागच्या दमट किनाऱ्यावर उडत नाही. आणि ते रात्रीही थांबत नाही, कारण दिवसभर तापलेलं पाणी रात्रीच्या हवेहून गरम असतं. जायकवाडीच्या धरणातून उन्हाळ्यात किती पाणी उडून जातं याच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात. नाथसागर, म्हणजे तिथला जलाशय, उथळ आणि पसरट, आपला पूलही तसाच, फक्त लहान.

उपाय म्हणजे झाकण. बुडबुड्यांच्या प्लास्टिकची जाड चादर पाण्यावर पसरली की ती असेपर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास बाष्पीभवन थांबतं. ताईचा पूल शनिवार-रविवारीच वापरला जातो. पाच दिवस झाकला तर उन्हाचा खर्च दोन तृतीयांशाने कमी होतो. पण परदेशी सल्ले इथे डोळे झाकून घेऊ नयेत. ही पारदर्शक निळी चादर मुळात थंड देशांत पाणी तापवायला निघाली. आपल्या मे महिन्यात ती दिवसभर ठेवली तर पूलचा काढा होतो, आणि गरम पाण्यात शेवाळ झपाट्याने धरतं. म्हणून उन्हाळ्यात रात्री झाकायचं, किंवा मग ऊन परतवणारी, अपारदर्शक, फिक्या रंगाची चादर घ्यायची. ती क्लोरीनही वाचवते. एक गोष्ट ठणकावून: ही चादर मुलांना तोलून धरत नाही. मूल तिच्यावर पडलं तर ती भोवती गुंडाळली जाते. पोहताना चादर पूर्ण काढायची, अर्धी नाही. आणि कुंपणाऐवजी चादर हा विचारही करू नका.

पाण्यावर अदृश्य थर धरणारी द्रवं मिळतात, त्यांचा उपयोग चादरीपेक्षा बराच कमी आणि वारा आला की थर फाटतो. धबधबा, कारंजी, काठावरून सांडणारी ती फोटोतली 'इन्फिनिटी' कड, हे सगळं पाणी हवेत जास्तीत जास्त पसरवण्याची यंत्रंच आहेत. पाहुणे आल्यावर लावा, गेल्यावर बंद करा.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: रसायन. "पाणी जुनं झालं, अर्धं काढा" असं पूलवाला सांगतो तेव्हा २१ हजार लिटर, म्हणजे दोन टँकरहून जास्त, एका झटक्यात ओढ्याला जातं. पाणी असं जुनं होतं म्हणजे काय होतं?

उघड्या उन्हात साधं क्लोरीन काही तासांत जवळपास संपतं. म्हणून त्याच्यासोबत सायन्युरिक ॲसिड देतात, ते क्लोरीनचं छत्रीसारखं रक्षण करतं. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या गोल टॅबलेटमध्ये हे दोन्ही एकत्र असतं. क्लोरीन वापरून संपतं. छत्री संपत नाही, उडतही नाही, साठत राहते. अशा टॅबलेटने दहा लाखांत एक भाग क्लोरीन घातलं की सुमारे ०.६ भाग सायन्युरिक ॲसिड मागे राहतं. रोज दोन भाग क्लोरीन लागत असेल तर महिन्याला ३६ भाग. छत्री ३० ते ५० भागांपर्यंत हवी, आणि तीन महिन्यांत ती शंभराच्या वर. आता छत्र्याच इतक्या झाल्या की क्लोरीन त्यांच्याखालून बाहेरच येत नाही. चाचणीच्या पट्टीवर क्लोरीन भरपूर दिसतं आणि तरी पाणी हिरवं पडतं. मग आणखी टॅबलेट, आणखी छत्र्या. शेवटी पाणी काढून टाकण्याखेरीज इलाज राहत नाही.

यातून सुटायची वाट सोपी आहे. सायन्युरिक ॲसिड ४०च्या आसपास आलं की टॅबलेट बंद, आणि रोजचं क्लोरीन द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटने. मिठावर चालणारं क्लोरीन यंत्र असेल तर आणखी सोपं. दोन प्रकारची क्लोरीनं एका डब्यात, एका डोसरमध्ये (औषध सोडायच्या यंत्रात) कधीच मिसळू नका, आग लागू शकते. आणि पीएच उतरवायचं ॲसिड हायपोक्लोराइटच्या जवळही नको, विषारी वायू निघतो.

दुसरं साठतं ते क्षार. बोअरचं पाणी मुळातच जड. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. त्यावर पुन्हा बोअरचं पाणी. बासुंदी आटवावी तसं पूल वर्षभर क्षार आटवत असतो आणि टाइल्सच्या रेघेवर पांढरी खरपुडी धरते. म्हणजे बाष्पीभवन थांबवलं तर पाणी दुहेरी वाचतं: आज वरून घालावं लागत नाही, आणि पुढे पाणी बदलण्याची वेळही लांबते.

आणि खरंच बदलायची वेळ आली तर? पावसाळ्यापर्यंत थांबा. पावसाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ३२ चौरस मीटरच्या पूलवर तो थेट २२ हजार लिटर पडतो, म्हणजे अर्धा पूल. लोणावळ्यात चार मीटरच्या वर पाऊस, म्हणजे आकाशच पूल तीन वेळा भरतं. शिवाय छत. १०० चौरस मीटरच्या छतावरून पुण्याच्या पावसातही ५०-५५ हजार लिटर सहज मिळतात. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यायचं आणि पुढचं जाळीतून गाळून टाकीत घ्यायचं. जूनमध्ये फ्लोटचा नळ बंद करून टाका आणि पातळी स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या काठाच्या खिडकीच्या, तोंडाच्या मध्यापर्यंतच ठेवा, म्हणजे आलेला पाऊस मावतो. पाणी थोडं थोडं काढत पावसाला जागा देत जायचं. पूल पूर्ण रिकामा मात्र पावसाळ्यात कधीच करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं आणि ते रिकाम्या पूलला होडीसारखं खालून उचलतं. सिमेंटचा पूलसुद्धा तडकतो, हे ऐकून दाजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

केपटाऊनमध्ये २०१८ च्या दुष्काळात माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली आणि नळाच्या पाण्याने पूल भरायला बंदी झाली. आपल्याकडे अशी वेळ आलीच, तर टँकरच्या रांगेतलं गाव फाटकाबाहेरच असेल. ताईकडे वाडीतल्या बायका हंडे घेऊन जातात तो रस्ता पूलच्या काठावरून दिसतो. यावर मी ताईशी काही बोललो नाही, तीच एकदा बोलली.

बॅकवॉशचं पाणी आता पिंपात जातं. दोन दिवस उन्हात ठेवलं की क्लोरीन निघून जातं, गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी नारळांना. नारळाला थोडे क्षार सोसतात, भाजीपाल्याला हे पाणी आम्ही घालत नाही. ओढ्यात तर नाहीच, क्लोरीनने मासे मरतात.

काका रोज सकाळी पट्टी लावून पातळी कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहितात. ६, ७, ७, ५, मध्येच एक १४, त्यापुढे 'पोरं आली होती'. मेमध्ये एकच टँकर आला. पंपरूममागचा अळू मात्र सुकून गेला, आणि वड्यांसाठी पानं आता पौडच्या बाजारातून आणावी लागतात, ही ताईची तक्रार अजून चालू आहे.